सायन्सला ब-२ आलंय, पण पोरगी तर सारखी प्रयोग करत असते

"बाई, नमस्कार. माझी मुलगी सातवीला आहे, इथल्याच अनुदानित हायस्कूलला, सेमीला. दिवाळीनंतर पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक मिळालं, मराठीला अ-१, गणिताला अ-२ आणि सायन्सला ब-२. आणि घरात बघाल तर ती दिवसभर सायन्सच करत असते. जुलैत कंगव्याने कागद उचलायचा प्रयोग जमेना म्हणून तिने कंगवा रात्रभर तांदळाच्या डब्यात घालून ठेवला, सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. तिच्या वर्गातल्या एकीने थर्माकोलचा ज्वालामुखी दुकानातून तयार आणला, तिला अ-१. मिस्टर म्हणतात ट्यूशन लाव, आठवीला आता नापास करतात. पोरगी म्हणते सर माझ्यावर खुन्नस काढतात. मला तर हे मार्क देतात कसे तेच कळत नाही, आमच्या वेळी सहामाही आणि वार्षिक, सरळ काम होतं. सरांना जाऊन विचारू का, की त्याचा त्रास पोरीलाच होईल? सोबत तिच्या पेपरचा फोटो पाठवलाय."
– एक आई, कराड तालुका

ताई,

तांदळाचा डबा वाचून मी एकटीच हसत बसले. भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात हे तिने कुठेतरी ऐकलं असणार आणि कंगव्याला लावलं, बरोबर ना? सासूबाईंचंही चुकलं नाही म्हणा, केसातला कंगवा खायच्या तांदळात म्हणजे काय. पण पोरीचं डोकं कुठल्या दिशेला चालतंय ते बघा. ओलावा हाच शत्रू आहे हे तिला कुणी न सांगता कळलंय.

आता मार्कांचं. मी सत्तावीस वर्षं सहावी ते आठवीला विज्ञान शिकवलं, त्यामुळे हे कोष्टक मला झोपेतही सांगता येईल, आणि त्यात गडबड कुठे होते तेही, कारण ती मी स्वतः केलेली आहे. ते पुढे सांगते.

तुमची सहामाही-वार्षिक गेली ती २०१० ला. शिक्षण हक्क कायदा आला आणि आपल्याकडे २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय निघाला, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, मोठं नाव आहे, शाळेत सगळे सीसीई म्हणतात. त्यात प्रत्येक सत्राचे मार्क दोन गठ्ठ्यांत असतात. एक आकारिक, म्हणजे सत्रभर वर्गात जे चाललंय त्याचे, आणि दुसरे संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी परीक्षा होते तिचे. लहान वर्गांना आकारिक जास्त, पहिली-दुसरीला ७०, आणि वर जाल तसं ते कमी होत जातं. पाचवी-सहावीला निम्मं निम्मं. सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०, आणि त्या साठातले ५० लेखी, १० तोंडी-प्रात्यक्षिक. म्हणजे तुमची पोरगी सहावीतून सातवीत गेली तशी लेखी पेपरची किंमत वाढली, घरी कुणालाच कळलं नाही. सहावीत लेखी ४० ची होती. मला वाटतं अर्धी भानगड इथेच आहे, पण थांबा.

शंभरपैकी जी बेरीज येते तिची श्रेणी होते. ९१ पासून वर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, आणि ६१ ते ७० ब-२. म्हणजे तुमच्या पोरीला सायन्सला ६१ ते ७० च्या मधे कुठेतरी आहेत. समजा ६६ आहेत. आता हे ६६ कसे आले यावर सगळं अवलंबून आहे, आणि प्रगतिपुस्तकावर नेमकं तेच दिसत नाही.

एका पोरीला लेखीत २४, प्रात्यक्षिकात ९, आकारिकमधे ३३. झाले ६६. दुसरीला लेखीत ४०, प्रात्यक्षिकात ६, आकारिकमधे २०. तेही ६६. दोघींच्या पुस्तकावर ब-२ च छापलं जाणार, पण पहिलीला पेपर लिहायला शिकवायचंय आणि दुसरीच्या बाबतीत शिक्षकांना विचारायचंय की बाबा ती वर्गात गप्प बसते का, वही देत नाही का, की तुमचंच लक्ष नाही. तुमची कोणती आहे हे मला इथून सांगता येत नाही, तुम्हालाही नाही, आणि ट्यूशनवाल्याला तर अजिबातच नाही. म्हणून पहिलं काम तेवढंच, हे आकडे सुटे करून घ्या. बाकी सगळं नंतर.

आणि हो, सरांना जाऊन विचारा. विचारायचंच. फक्त पालकसभेत सगळ्यांसमोर नको, तिथे कुठलाही शिक्षक बचावाचंच बोलणार, मीही तेच करायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की स्टाफरूमच्या दारात गाठा आणि असं म्हणा, "सर, हिचे सायन्सचे आकारिकचे आणि लेखीचे मार्क वेगवेगळे दाखवाल का, घरी कशावर मेहनत घ्यायची ते कळेल." बस. कमी का दिले, त्या दुसरीला जास्त का, हा विषयच काढू नका. शिक्षकाकडे नोंदवही असते, त्यात प्रत्येक साधनाचा रकाना असतो, ते उघडून दाखवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्रास होईल म्हणता, तर असं नीट विचारणाऱ्या आईच्या पोरीला त्रास दिलेला मी तरी पाहिला नाही, उलट दुसऱ्या सत्रात सर तिच्याकडे दोनदा जास्त बघतील.

आता आकारिकचे मार्क ज्यावरून देतात ती साधनं म्हणजे काय ते सांगते, म्हणजे रकाने बघताना गोंधळ नको. आठ आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम-कृती, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय-वर्गकार्य आणि इतर. सगळीच वापरायला पाहिजेत असं नाही, शिक्षक विषयाप्रमाणे निवडतात. बघा यात प्रकल्प हा एक रकाना आहे. एक. त्या ज्वालामुखीला त्यातले सगळेच्या सगळे मार्क दिले तरी तेवढ्यावर कुणाला अ-१ मिळत नाही, ९१ गाठायचे तर त्या पोरीने पेपरही चांगला लिहिलेला असणार. हे तुमच्या मुलीला नीट समजावून सांगा, कारण खुन्नस वगैरे एकदा डोक्यात बसलं की मग अभ्यासच बंद होतो.

तयार प्रकल्पांबद्दल माझं मत विचाराल तर मला ते मुळीच आवडत नाहीत. दरवर्षी तोच ज्वालामुखी, तीच पवनचक्की, तेच थर्माकोलचं जलचक्र, स्टेशनरीच्या दुकानात टांगलेलं असतं आणि दुकानदाराला आमच्यापेक्षा जास्त माहिती असते कुठल्या इयत्तेला काय खपतं. शिक्षक घेतात कारण मांडून ठेवायला दिसतं छान. दुसऱ्या सत्रात तुमच्या पोरीला सांगा भाकरीचा प्रकल्प कर. भाकरीचे तीन तुकडे, एक कडक वाळवलेला, एक पाणी शिंपडून झाकलेला, एक फ्रिजमधे, आणि आठ-दहा दिवस रोज बघून तारखेसकट लिहायचं, कुठला रंग आला, किती पसरला, वास कधी आला. वास लांबूनच घ्यायचा, आणि शेवटी डबी न उघडता टाकून द्यायची. अन्नपदार्थांची सुरक्षा हा पाठ तिचा होऊन गेलाय आणि पेशीरचना आणि सूक्ष्मजीव यायचाय, दोन्हीला लागू पडतं. शून्य रुपये खर्च. फक्त सासूबाईंना आधी विचारून घ्या, तांदळाचं प्रकरण ताजं आहे.

आता ते माझं. सीसीई नवीन आलं त्या वर्षीची गोष्ट. वर्गात ५८ पोरं, प्रत्येकाचे सहा रकाने, आणि नोंदी रोजच्या रोज करायच्या असा नियम. मी केल्या नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आधी पेपर तपासले आणि मग नोंदवही घेऊन बसले, आणि लेखीचे मार्क बघून बघून आकारिक भरत गेले. लेखीत ४२ आहेत का, मग प्रयोगात ९. लेखीत १७ आहेत का, मग ५. असं. त्यात एक पोरगा होता, दर आठवड्याला प्रयोगशाळेत साहित्य मांडायला मी त्यालाच बोलवायचे, मला चिमटे कुठल्या खणात असतात माहीत नसायचं, त्याला असायचं. त्याला लेखीत १७ होते. मी त्याला प्रयोगात ५ दिले. माझ्याच हाताने, आणि त्याच्या नावापुढे वर्णनात्मक नोंद काय लिहिली माहितीय, "प्रयोगाचे साहित्य काळजीपूर्वक हाताळतो." दोन्ही एकाच ओळीत! त्याच्या घरून कुणी विचारायला आलं नाही, आलं असतं तर नोंदवही उघडताना माझ्याच लक्षात आलं असतं. मला ते कळलं पुढच्या जूनमधे, तो चिमटे काढून देत होता तेव्हा.

तेव्हा सगळे शिक्षक असंच करतात असं नाही, खूपजण मनापासून नोंदी ठेवतात. पण त्या वर्णनात्मक नोंदी वाचून फार खूश किंवा नाराज होऊ नका, त्यांच्या तयार याद्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतात. आकडे मागा.

आता तुम्ही पाठवलेला पेपर. अक्षर गोड आहे पोरीचं. मी झूम करून दोनदा वाचला आणि मला वाटतं तुमची पोरगी माझ्या वरच्या उदाहरणातली पहिली आहे, लेखीत मार खाणारी. तो स्थितिक विद्युतचा प्रश्न बघा, पावसाळ्यात हे प्रयोग नीट का होत नाहीत, कारण द्या, दोन मार्कांचा. तिने लिहिलंय, "पेपर नॉट स्टिक बिकॉज रेन अँड कोम वेट, आय पुट इन राइस." सरांनी अर्धा मार्क दिलाय. तुम्हाला राग आला असेल, मला नाही आला, मीही अर्धाच दिला असता, फार तर एक, तांदळाचा.

कारण असं की अशा उत्तराचे मार्क मुद्द्यांना असतात. पावसाळ्यात हवेत बाष्प जास्त असतं, हा एक मुद्दा. त्या ओलाव्याचा पातळ थर घासलेल्या वस्तूवर बसतो आणि त्यातून प्रभार, म्हणजे घासून आलेला चार्ज, निघून जातो, हा दुसरा आणि खरा मुद्दा. म्हणून प्रभार टिकत नाही आणि कपटे उचलले जात नाहीत, हा शेवट. तिच्या उत्तरात पाऊस आहे, ओला कंगवा आहे, पण प्रभार हा शब्दच नाही, आणि पाठ सगळा प्रभाराचाच आहे. आणि तिचा तांदूळ का चालला नाही तेही यातच आहे बघा. कंगवा रात्रभर कोरडा झाला असेलही, पण सकाळी बाहेर काढून केसावर घासेपर्यंत हवा ओलीच होती ना, केसही दमट, थर परत बसला. हवेला कोण तांदळात घालणार. हे तिला सांगा, तिला एकदम पटेल आणि परत कधी विसरणार नाही.

दुसरं, भाषा. सेमीच्या पोरांचं हे दुखणं मी वर्षानुवर्षं बघितलंय, समजतं मराठीत, लिहायचं इंग्रजीत, आणि मधल्या पुलावर सगळं सांडतं. मराठीला अ-१ आहे म्हणजे पोरीकडे शब्द आहेत, फक्त दुसऱ्या खिशात आहेत. त्यावर मी वर्गात करायचे तो उपाय सांगते. बालभारतीच्या साइटवर सातवीच्या सामान्य विज्ञानाचं मराठी पुस्तक फुकट पीडीएफमधे मिळतं, ते मोबाईलवर उतरवून घ्या. पाठ आधी मराठीतून वाचायचा, मग इंग्रजी पुस्तक शेजारी उघडून तेच पान, आकृत्या त्याच असतात त्यामुळे पोरं हरवत नाहीत. प्रत्येक पाठाचे दहा-बारा शब्द जोडीने वहीच्या मागे, अनुकूलन म्हणजे अ‍ॅडॅप्टेशन, प्रभार म्हणजे चार्ज, असे. आणि उत्तर लिहिताना छोटी छोटी तीन वाक्यं. एअर इज ह्युमिड. चार्ज लीक्स अवे. सो पेपर इज नॉट अट्रॅक्टेड. झालं, दोन मार्क. मोठं वाक्य लिहायला गेली की व्याकरणात अडकते आणि मुद्दा राहतो.

अजून दोन ठिकाणी गळती आहे, पटकन सांगते. कार्याच्या उदाहरणात तिने बल गुणिले विस्थापन बरोबर केलंय, उत्तर ६० आलंय, आणि पुढे काहीच नाही. साठ काय? साठ किलो, साठ मीटर, साठ रुपये? ज्यूल लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क गेला, आणि त्याच्याच पुढच्या प्रश्नात वजनाला किलोग्रॅम लिहिलंय. हे दुकानदारामुळे होतं, आपण सगळेच वजन किलोत बोलतो, पण या पुस्तकात वस्तुमान किलोग्रॅममधे आणि वजन न्यूटनमधे. आणि आकृतीला नावं दिलीत पण रेषा हाताने, एकमेकींना कापून गेल्यात. पट्टी घेऊन एका बाजूला आडव्या काढायच्या, तपासणारा साठ पेपर घेऊन बसलेला असतो.

ट्यूशनचं म्हणाल तर मिस्टरांना सांगा आकडे येईपर्यंत थांबा. लेखी कमी निघाली तर रोज एक शास्त्रीय कारण लिहायला बसवणं घरातही होतं, आणि लिहिलेलं तुम्ही वाचायचं, तुम्हाला कळलं तर बरोबर. आकारिक कमी निघालं तर ट्यूशनवाला काय करणार, ते मार्क शाळेतल्या वर्गात मिळतात. उलट संध्याकाळचे दोन तास तिकडे गेले की भाकरीचे तुकडे कोण बघणार.

पण एका बाबतीत मिस्टर अगदी चूक नाहीत. आठवीपर्यंत ढकलगाडी हे जे होतं ते २०२३-२४ पासून बदललंय. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते, आठवीला प्रत्येक विषयाला ६० मार्क आणि पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे २१. नापास झालं तर जादा मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षा घेतात, त्यातही नाही झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. ब-२ वाल्या पोरीने यासाठी झोप घालवायचं कारण नाही. मला तर आठवीत वेगळंच दिसतंय, तुमची शाळा अनुदानित आहे, तर एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती, तिची परीक्षा तुमच्या पोरीला देता येईल, उत्पन्नाची अट साडेतीन लाखांची आहे, मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. या परीक्षेच्या एका पेपरात ९० प्रश्न असतात, त्यातले ३५ विज्ञानाचे, आणि सगळे पर्यायाचे, लिहायचं काही नाही! अशा पोरींसाठीच आहे ती, मराठीतूनही देता येते. सातवीचं पुस्तकही त्यात येतं, तेव्हा आत्ताचे पाठ फेकून देऊ नका.

तसंही विज्ञानाचे पाठ एका वर्षात संपत नाहीत. चुंबक बघा, सहावीत चुंबकाची गंमत, सातवीत चुंबकीय क्षेत्र, आठवीत त्यातून वीज आणि चुंबक एकत्र येतात. प्रकाशाचं तसंच, ध्वनीचं तसंच. आत्ता एखाद्या पाठात मार्क गेले तर जाऊ देत, पाठ कळलाय ना तेवढं बघा, पुढच्या वर्षी तोच पाहुणा परत येणार आहे.

आकडे मिळाले की मला कळवा, ३३ आणि २४ निघतात की भलतंच काही ते बघू. आणि पोरीला सांगा तो कंगव्याचा प्रयोग आता डिसेंबरात परत कर, कराडला थंडी पडली की हवा कोरडी असते, केस न्हाऊन पूर्ण वाळलेले हवेत आणि तेल नको. जुलैचं पान खोडायचं नाही, त्याच्या समोरच्या पानावर नवीन तारीख टाकून लिहायचं, आणि वही सरांना दाखवायची, दोन्ही पानं.